त्या मुलाच्या पाच भाकरी

भाकरींच्या चमत्काराची कथा चारही शुभवर्तमानांत आली आहे. परंतु ज्याच्याजवळ त्या भाकरी होत्या त्या मुलाचा उल्लेख एकटा योहान करतो. फिलिप हिशेब मांडतो, दोनशे दिनारांच्या भाकरी आणल्या तरी एवढ्या लोकांना त्या पुरणार नाहीत असे सांगतो. अंद्रियाची नजर मात्र गर्दीतील एका मुलाकडे जाते. त्याच्यापाशी जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या आहेत. जव हे त्या देशातील गोरगरिबांचे धान्य, आपल्या मराठवाड्यात जशी ज्वारी. म्हणजे मूल गरिबाघरचे होते, आणि कुणा माउलीने पहाटे उठून त्या भाकरी थापून त्याच्या शिदोरीत बांधल्या होत्या. शुभवर्तमानात ना त्या माउलीचे नाव आहे, ना त्या मुलाचे.

या कथेवरील प्रवचने मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. एक साधी गोष्ट मात्र फार उशिरा माझ्या ध्यानी आली. प्रभूने त्या मुलाला प्रथम काही दिले नाही, त्याच्याकडून घेतले. पाच हजारांच्या त्या समुदायात ते मूल दाता होते. आणि दिल्यावर ते बाजूला काढले गेले नाही. ते त्याच गवतावर, त्याच पंगतीत, सर्वांबरोबर जेवले असणार.

आपण धर्मग्रामातील माणसे नाताळात आणि उपवासकाळात गरीब मुलांचा विचार करतो, तेव्हा हे चित्र बरोबर उलटे होते. देणारे आपण आणि घेणारे ते मूल. शिवाय आपण त्याला पंगतीतून उठवून, 'बाळा, तू इकडे ये,' असे म्हणून वेगळ्या पानावर बसवितो. असे करणे चूक आहे काय? एका मुलाला त्याच्या घरातून, भावंडांतून उचलून वाचविणे म्हणजे त्याला खरोखर वाचविणे होय काय? हा प्रश्न मला हिंगोली जिल्ह्यातील एका तांड्यावर भेटला. तो पुस्तकी नाही म्हणूनच वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे.

दिवाळीनंतरचे गाव

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास. त्यातील शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी माणसे खेड्यांत राहणारी. उत्तरेला पैनगंगा, मधून वाहणारी कयाधू, दक्षिणेकडे पूर्णेवरचे सिद्धेश्वर धरण. वसमतच्या बाजारातील हळदीचा पिवळा रंग दूरवर प्रसिद्ध आहे. पण ज्या शिवाराला धरणाचे पाणी पोचत नाही तेथे सोयाबीन, तूर आणि कापूस पावसाच्या भरवशावर येतात, आणि दसरा-दिवाळीला सोयाबीन निघाले की रानात मजुराला काम उरत नाही. कळमनुरीकडील आंध आदिवासींच्या वाड्या, सेनगाव-औंढ्याकडील बंजारा तांडे, दलितांच्या आणि अल्पभूधारकांच्या वस्त्या येथून मग माणसे बाहेर पडतात. कोणी वीटभट्टीवर जातात, कोणी शहरात बांधकामावर, आणि पुष्कळजण पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊस तोडायला.

या व्यवसायाचे शब्द ऐकले तरी त्याचे स्वरूप कळते. नवरा-बायको मिळून जी जोडी होते तिला 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसांची गणना एका हत्याराने होते. हंगामापूर्वी मुकादम त्यांना जी आगाऊ रक्कम देतो ती 'उचल'. पुढचे पाच-सहा महिने तोडलेल्या उसाच्या टनांवर ती फिटत राहते. आजारपणामुळे किंवा बाळंतपणामुळे एक दिवस काम चुकले तर 'खाडा' पडतो आणि दंड कापला जातो. मुक्काम उसाच्या फडाजवळच्या कोपीत. गाडी भरायला मध्यरात्री किंवा भल्या पहाटे उठावे लागते. त्या वेळी तान्ह्या भावंडाला कोणी सांभाळायचे, चूल कोणी पेटवायची, वाढे गोळा करून विकायला कोणी न्यायचे? ही सारी कामे आठ-दहा वर्षांची मुले करतात. त्यांना कोणी मजूर म्हणत नाही, कारण त्यांच्या नावाने मजुरी निघत नाही.

कायद्याने या मुलांना पुष्कळ काही दिले आहे. एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली. शाळेत शिजवलेले अन्न मिळावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये दिला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. पण हे सर्व हक्क गावाच्या हजेरीपटावर नोंदलेले असतात. अंगणवाडीचा आहार गावात, शाळेची खिचडी गावात, आणि मूल मात्र दोन-तीनशे किलोमीटर दूर फडावर. साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या, मराठवाड्यातील गावांत मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे सुरू झाली. त्यांचा उपयोगही झाला. तरीही दर दिवाळीनंतर वर्गातील काही पाटे रिकामे होतात, आणि शिक्षक त्या नावांपुढे काय लिहावे या विवंचनेत पडतो. मी स्वतः शिक्षक होतो. ती विवंचना मला परकी नाही.

एक पत्र आणि एक हस्ताक्षर

आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांनी मिळून एका मुलाच्या शिक्षणाचा भार उचलला होता. ओळखीच्या एका कार्यकर्त्याने सेनगाव तालुक्यातील तांड्यावरच्या या मुलाचे नाव सुचविले. मुलगा चौथीत होता. पहिल्या वर्षी आम्ही वह्या, गणवेश आणि घरखर्चाला थोडी रक्कम पाठविली. नाताळात आभाराचे पत्र आले. अक्षर अतिशय वळणदार, काना-मात्रा जागच्या जागी. आम्ही ते पत्र वर्गणीदारांच्या बैठकीत वाचून दाखविले, आणि माझ्यासारख्या मास्तराने 'अक्षर पाहा मुलाचे!' असे म्हणून त्याची वाहवाही केली. दुसऱ्या वर्षी, मुलाचे भले व्हावे म्हणून, त्याला तालुक्याच्या गावी एका वसतिगृहात ठेवण्याची व्यवस्था आम्ही केली. त्या नाताळातही पत्र आले. अक्षर मात्र वेडेवाकडे होते. आम्ही म्हटले, मुलगा आळसावला असेल.

२०१४ च्या जानेवारीत मी देवगिरी एक्स्प्रेसने परभणीला उतरलो आणि तेथून बसने हिंगोली, पुढे सेनगाव असा त्या तांड्यावर गेलो. अर्ध्या घरांना कुलपे होती. मुलाची आजी दारात बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, जवळ एक शेळी. मी ओळख सांगितली तेव्हा तिने मला खाट टाकून दिली आणि शेजारणीकडून चहा मागविला. बोलता बोलता मी पत्राचा विषय काढला. म्हातारी हसली.

"ते कागद पोरीनं लिव्हलं होतं, सर. त्याला कुठं येतंय तसं लिव्हाया? पोरगी साव्वीत होती. लई हुशार."

"मग ती आता कुठे आहे, आजी?"

"गेली की मायबापासंगं, कारखान्याला."

मग हळूहळू सारा उलगडा झाला. आई-बाप कोयत्यावर जात तेव्हा पूर्वी भाऊ-बहीण दोघेही आजीजवळ राहत. बहीण स्वयंपाक करी, भावाला शाळेत नेई, स्वतःही जाई. आमच्या कृपेने भाऊ वसतिगृहात गेला आणि बहिणीला घरी ठेवण्याचे कारणच उरले नाही. धाकटे भावंड आईबरोबर फडावर होते, त्याला राखायला कोणीतरी हवे होते. त्यातून वयात येऊ लागलेली मुलगी.

"माझ्या भरवशावर ठिवावी कशी? मला डोळ्यानं दिसंना," आजी म्हणाली. "लेकरू नेलं तर साळा सुटते सर, ठिवलं तर मायीचा जीव थाऱ्यावर ऱ्हात नाही. काय करावं माणसानं?"

गावात त्या वर्षी हंगामी वसतिगृह सुरू झालेले नव्हते. दोन वर्षांनी कळले की त्या मुलीचे लग्न झाले. ती तेव्हा सोळा वर्षांची होती. लग्न झाले की मुलगी आणि जावई मिळून एक नवा कोयता होतो, नवी उचल मिळते. हेही मला त्याच सुमारास कळले. मुलगा पुढे बारावी झाला, तंत्रशाळेत शिकला, पुण्याकडे नोकरीला लागला. आमच्या वार्षिक अहवालात त्याची नोंद यशस्वी म्हणून झाली आहे, आणि ती खोटी नाही. पण ज्या अक्षरावर खूश होऊन आम्ही दुसऱ्या वर्षाची वर्गणी वाढविली, ते अक्षर लिहिणारा हात आमच्याच मदतीने कोयत्याकडे गेला. ही नोंद कोणत्या अहवालात करावी?

शंभरातले एक

कोणी म्हणेल, प्रभूने सांगितलेला मेंढपाळही नव्व्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधात गेला नव्हता काय? आपल्या हातून साऱ्या तांड्याचे कल्याण होणार नाही. एका जीवाचे झाले तर तेही थोडके नव्हे. हा युक्तिवाद मी हलका मानीत नाही. जगातील पुष्कळ चांगली कामे अशाच भावनेतून झाली आहेत. जे सर्वांना देता येत नाही म्हणून कोणालाच देऊ नये, असे म्हणणारा माणूस बहुधा स्वतःचा खिसा सांभाळीत असतो.

परंतु तो दृष्टान्त पुन्हा वाचावा. मेंढपाळ एकाच्या शोधात जातो, कारण त्याने शंभर मोजलेली असतात. मोजणी साऱ्यांची आहे म्हणून एकाची उणीव त्याला कळते. आणि सापडलेले मेंढरू तो खांद्यावर घेऊन कळपात परत आणतो. कळपातून एक चांगलेसे मेंढरू निवडून वेगळ्या गोठ्यात नेत नाही. आम्ही नेमके तेच केले होते. आम्ही मोजणी केलीच नव्हती. त्या घरात किती मुले, कोण कोणाला सांभाळते, कोणाच्या राहण्यावर कोणाची शाळा अवलंबून आहे, हे आम्ही विचारले नाही. आम्हांला एक छायाचित्र मिळाले आणि आमची करुणा त्या छायाचित्राच्या चौकटीएवढी झाली. बहीण चौकटीच्या बाहेर उभी होती.

गरिबाच्या घरातील माणसे एकमेकांत अशी गुंतलेली असतात की एक धागा ओढला तर दुसरीकडे वीण उसवते. आपल्या घरांत तसे होत नाही, कारण आपल्याजवळ थोडी शिल्लक असते. एक मूल शिकायला गेले म्हणून दुसऱ्याची शाळा सुटत नाही. म्हणून गरीब मुलाला मदत करताना 'या मुलाला काय हवे?' हा पहिला प्रश्न अपुरा ठरतो. 'हे मूल कोणाचे काय लागते, आणि त्याला उचलले तर कोणावर भार पडेल?' हा प्रश्न त्याच्या आधी विचारला पाहिजे.

दोष कोणाचा?

अशा वेळी सहजच ओठांवर येणारे वाक्य म्हणजे, 'आई-बापांनाच कळत नाही.' मी ते वाक्य धर्मग्रामाच्या बैठकीत अनेकदा ऐकले आहे आणि, कबूल करतो, उच्चारलेही आहे. त्या तांड्यावर ते माझ्या घशात अडकले. मुलगी नेली तर शाळा सुटते. ठेवली तर तिच्या जिवाची काळजी. या दोहोंतून निवड करणारी आई अज्ञानी नाही. तिच्यापुढे दोन वाईट वाटा आहेत आणि ती त्यांतली कमी वाईट वाटणारी धरते आहे. ज्याच्यापुढे चांगली वाट ठेवलीच नाही, त्याला चुकीच्या वाटेने गेल्याचा दोष देणे न्यायाचे नाही.

गंगाखेडच्या जनाबाईंची कथा आपल्याला ठाऊक आहे. लहान वयात बापाने त्यांना पंढरपुरी दामाशेटींच्या घरी ठेवले, आणि त्या नामदेवांच्या घरच्या दासी झाल्या. तिच्यातील संतत्वाला आपण हात जोडतो. पण आपले लेकरू दुसऱ्याच्या दारी ठेवून परतणाऱ्या त्या बापाच्या पावलांचा विचार करीत नाही. गंगाखेड हिंगोलीपासून दूर नाही. सातशे वर्षांनंतरही याच भागातील आई-बापांना लेकरू कोठे ठेवावे हा प्रश्न पडावा, हा केवळ त्यांचा दोष कसा?

तर मग मुलांना आई-बापांपासून दूर ठेवून शिकवावे की नाही? हंगामी वसतिगृह ही चांगली सोय आहे. गावातल्या गावात, आपल्याच शाळेत, ओळखीच्या बाईच्या हातचे अन्न खाऊन मूल राहिले तर त्याचे वर्ष वाचते. पण तीही अर्धीच सोय आहे हे आपण विसरू नये. सहा महिने आईविना राहणे हे त्या मुलाने शिक्षणासाठी मोजलेले मोल आहे. आपणही मुलांना वसतिगृहात ठेवतो. पण आपण ते निवडतो आणि वाटेल तेव्हा जाऊन भेटतो. जे मोल आपण आपल्या मुलाला कधीही मोजू दिले नसते, ते गरिबाच्या मुलाने मोजावे आणि वर आपले आभार मानावे, ही अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? खरा उपाय एकच: आई-बापांना जावेच लागू नये. तो होईपर्यंत वसतिगृह अवश्य असावे. मात्र मुलाला, आणि विशेषतः मुलीला, विचारल्याशिवाय तिचे भवितव्य ठरवू नये.

भाद्रपदातील उसनवारी

आई-बाप का जातात? पोटासाठी, असे आपण म्हणतो. ते खरे आहे, पण संपूर्ण नाही. पेरणीचे कर्ज, औषधपाणी आणि मुलीचे लग्न यांचे देणे उभे असते, आणि खळ्यावर पीक यायला अजून वेळ असतो. त्या श्रावण-भाद्रपदात रोख पैसा घेऊन दारात येणारा माणूस एकच असतो, आणि तो मुकादम असतो. त्याच्याकडून उचल घेतली त्या दिवशीच दिवाळीनंतरचा प्रवास ठरतो. म्हणजे मुलाच्या शाळेचा प्रश्न खरे पाहता भाद्रपदातील उसनवारीचा प्रश्न आहे. आपण डिसेंबरात वह्या-पुस्तके घेऊन जातो. तोपर्यंत निर्णय होऊन चार महिने लोटलेले असतात.

महाराष्ट्राने हे फार पूर्वी ओळखले होते. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून येथे रोजगार हमीचा विचार रुजला, त्याचा कायदा झाला आणि १९७९ च्या जानेवारीत तो अमलात आला. पुढे २००५ मध्ये देशाने तसा कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी ज्या दोनशे जिल्ह्यांत तो प्रथम लागू झाला त्यांत हिंगोली होता. माणसाला गावाजवळ काम मिळावे, त्या कामातून बांध, तळी, विहिरी व्हाव्यात आणि पुढच्या वर्षी त्या पाण्यावर दुसरे पीक यावे, ही त्यामागची कल्पना. कल्पनेत उणे काही नाही. परंतु हमीचे काम मागावे लागते, मोजमाप व्हावे लागते, मजुरी उशिरा येते. मुकादमाची रक्कम एकदम आणि आधी येते. ज्याच्या घरी आज गरज आहे तो उद्याच्या हक्काची वाट पाहू शकत नाही.

येथे ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीचे साहाय्य होते. पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या 'पोप्युलोरुम प्रोग्रेसियो' या परिपत्रकात विकासाची जी कसोटी दिली, ती अशी की विकास संपूर्ण माणसाचा आणि प्रत्येक माणसाचा असला पाहिजे. त्याआधी १९३१ साली पोप अकरावे पायस यांनी दुसरे एक तत्त्व मांडले होते: जे काम लहान समुदाय स्वतः करू शकतो ते मोठ्याने हिरावून घेऊ नये, त्याला ते करता यावे म्हणून साहाय्य करावे. ही दोन तत्त्वे एकत्र ठेवली की 'समूहविकास' या शब्दाचा अर्थ कळतो. तांड्याला काय हवे ते तांड्याने ठरवावे, आपण त्याच्या पाठीशी उभे राहावे.

पूर्वेकडील एक बेट

या प्रश्नाची एक बाजू आपल्याला, कॅथॉलिक म्हणून, अधिक टोचणारी आहे. आग्नेय आशियात तिमोर-लेस्ते नावाचे एक छोटे राष्ट्र आहे. एके काळी गोव्याहून चालणाऱ्या पोर्तुगीज कारभाराशी ते जोडलेले होते, म्हणजे इतिहासाने आपले दूरचे नातलगच. १९७५ नंतर त्यावर इंडोनेशियाचा ताबा आला, अपार रक्तपात झाला, आणि २० मे २००२ रोजी ते स्वतंत्र झाले. तेथील बहुतेक सारी प्रजा कॅथॉलिक आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस तेथे गेले तेव्हा दिली या राजधानीच्या शहरातील मिस्साबलिदानाला लाखो लोक लोटले होते. आणि याच देशात पाच वर्षांखालील जवळजवळ निम्म्या बालकांची उंची, अपुऱ्या पोषणामुळे, वयाच्या मानाने खुंटलेली आहे.

हे वाचून नाक मुरडण्याचे कारण नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या संपन्न महाराष्ट्रातही शंभरांतील पस्तीस बालके अशीच खुंटलेली आढळली. आणि वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे बावीस जणींचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले होते. बेट असो वा जिल्हा, भरलेली मंदिरे मुलाचे पोट आपोआप भरीत नाहीत. उघड्या आणि उपाशी भावाला 'सुखाने जा' म्हणून निरोप देणाऱ्या श्रद्धेविषयी संत याकोबाने जे विचारले आहे, ते साऱ्यांनाच विचारले आहे.

पण त्या बेटाकडून शिकण्यासारखेही आहे. तेथे 'तारा बांदू' नावाची जुनी प्रथा आहे. गावाने एकत्र जमून, विधीपूर्वक, स्वतःवर एखादे बंधन घालून घ्यायचे: अमुक वन तोडायचे नाही, अमुक काळात मासेमारी करायची नाही. एर्मेरा या कॉफी पिकविणाऱ्या जिल्ह्यात २०१२ साली याच पद्धतीने लोकांनी लग्न-मर्तिकाच्या समारंभांवरील खर्चाला मर्यादा घातली, हेतू हा की पैसा मुलांच्या शिक्षणाला उरावा. कोणी बाहेरचा दाता आला नाही. समाजाने स्वतःच्या हौसेला कात्री लावून मुलांची बाजू घेतली.

सेनगावच्या तांड्यावर उचल बहुधा लग्नासाठी घेतली जाते हे मी वर सांगितले. मग तांड्याने लग्नाचा खर्च कमी करावा, असा उपदेश करण्याचा मोह होतो. पण थांबावे. आमच्या धर्मग्रामात लग्नाचा, पहिल्या ख्रिस्तशरीराच्या समारंभाचा, नाताळच्या रोषणाईचा खर्च गेल्या तीस वर्षांत किती वाढला? ज्याने आपला मांडव आखूड केला नाही त्याने दुसऱ्याच्या मांडवाची लांबी मोजू नये.

सर्वा

लेवीयच्या ग्रंथात देवाची एक आज्ञा आहे. पीक कापताना शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापू नये, पडलेली कणसे वेचू नयेत; ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावीत. आपल्या शेतकऱ्याला हा 'सर्वा' ठाऊक आहे. मवाबी रूथ परदेशातून आली आणि बवाजाच्या शेतात सर्वा वेचून तिने सासूला जगविले. या आज्ञेत सूक्ष्म न्याय आहे. सर्वा म्हणजे भीक नव्हे. शेतमालक तो हातात देत नाही, गरीब स्वतः वेचतो, आणि कोणाचे आभार मानीत नाही. देवाच्या लेखी तो वाटा आधीपासूनच त्याचा होता. आपण देतो ते 'आपले' आहे ही समजूत या आज्ञेने मुळापासून खुडली आहे.

त्या जानेवारीनंतर आमच्या गटात पुष्कळ वाद झाले. अखेर छायाचित्र पाहून मूल निवडण्याची पद्धत आम्ही सोडली. तांड्यावरील बायकांच्या बचत गटाकडे, भाद्रपदापूर्वी, बिनव्याजी रक्कम ठेवायला सुरुवात केली. कोणाला किती द्यायची ते त्या ठरवितात. आमची एकच विनंती होती, की मुलींची शाळा हा विषय गटाच्या बैठकीत निघावा. पहिल्या वर्षी तीन-चार कुटुंबे मागे राहिली. २०१८ साली पावसाने दगा दिला, सोयाबीन करपले आणि रक्कम परत आली नाही. आमच्यातील काहीजण रागावले. 'पूर्वी निदान एक मुलगा शिकत होता, दरवर्षी गुणपत्रिका येत होती. आता काय दाखवायचे?' असे एका सद्गृहस्थाने विचारले. प्रश्न खरा होता. गुणपत्रिका भिंतीवर लावता येते. न झालेले स्थलांतर, न पडलेला खाडा, न मोडलेली शाळा यांचे छायाचित्र निघत नाही.

मी त्यांना एवढेच म्हणालो, की ज्याच्या शेतात पाऊसच पडला नाही त्याने आपली रक्कम बुडविली असे म्हणता येत नाही. आपण त्याच्या दुष्काळात थोडे भागीदार झालो इतकेच. त्यांना ते पटले नाही. दोन कुटुंबे गटातून गेली. बाकीची आहेत, आणि काम धिमेपणाने चालू आहे. यातून सारे सुरळीत झाले असे सांगण्याचा अधिकार मला नाही. पुष्कळ घरांना दिवाळीनंतर अजूनही कुलपे लागतात.

नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, आणि ते हिंगोली जिल्ह्यातच आहे. बाळ नामदेवाने हट्ट धरून देवाला नैवेद्य खाऊ घातला ही कथा तेथील आजी नातवंडांना सांगते. इकडे आपल्या शुभवर्तमानात एका अनाम मुलाच्या शिदोरीतून हजारो जेवले. दोन्ही कथांत मूल देते आणि देव घेतो. त्या तांड्यावरच्या मुलीनेही दिलेच होते. भावाला जेवू घालीत होती, त्याची शाळा सांभाळीत होती आणि वर आम्हांला सुंदर अक्षरात नाताळच्या शुभेच्छा लिहीत होती. तिच्याजवळच्या पाच भाकरी आम्ही पाहिल्या नाहीत. फिलिपासारखे आम्ही हिशेब करीत बसलो होतो, आणि अंद्रियासारखे मान वळवून पाहणारे आमच्यात कोणी नव्हते.

ती आज स्वतः आई आहे. मागच्या खेपेला तांड्यावर गेलो तेव्हा ती माहेरी आलेली होती. तिने मला ओळखले. तिची थोरली मुलगी पहिलीत आहे. "यंदा मी हिला ठिवणार हाय सर, कारखान्याला न्यायची नाही," ती म्हणाली, आणि मुलीची वही तिने माझ्या हातात दिली. पहिल्या पानावर आईने मुलीला घालून दिलेला कित्ता होता. ते वळण मी लगेच ओळखले.

वाचकहो, येत्या नाताळात आपल्या घरी एखाद्या मुलाचे छायाचित्र आले, तर मदत अवश्य करा. पण पाकीट बंद करण्यापूर्वी एवढे विचारा: याला बहीण आहे काय, आणि ती कोठे आहे?